बारदान वजा जाता

केसपेपरवर सगळ्यात शेवटी 'शेरा' नावाचा एक अरुंद रकाना असतो. त्यात आम्ही 'भूक बरी', 'प्रकृती ठीक' असलं काहीतरी कोंबतो आणि फाइल बंद करतो. जे त्यात मावत नाही ते माझ्या डोक्यात साठत जातं. नव्वदच्या दशकात मी वाशीच्या एका हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ होते. तिथले रकान्याबाहेरचे इतके किस्से माझ्याकडे पडून आहेत की चार माणसं जमली की एक तरी निघतोच. आज सुवर्णाचे काढते. मला राग चटकन येतो हे मात्र आधीच सांगून ठेवते, पुढे उपयोगी पडेल.

आमचा विभाग म्हणजे तळमजल्यावरची एक खोली आणि तिला लागून डाएट किचन. किचनचा ताबा हिराबाईंकडे. त्या पावणे गावच्या आगरी. वरच्या मजल्यावर पोटाचे डॉक्टर सामंत. त्यांच्या कोटाच्या खिशात पेनाशेजारी स्टीलची पट्टी असायची. व्रण असो, सूज असो, ते आधी मोजत आणि मग बोलत.

*

सुवर्णा मोरे आली तेव्हा तेरा वर्षांची होती आणि दिसायची नऊची. सत्तावीस किलो. आजाराचं नाव क्रोन्स. यात आतड्याला सूज येते, व्रण पडतात, पोट सतत दुखतं, जुलाब होतात, आणि खाल्लेलं अंगी लागत नाही म्हणून मुलांची वाढच थांबते. दुसरीकडे कुणीतरी टीबी समजून तिला नऊ महिने गोळ्या दिल्या होत्या. त्यांनाही फार बोल लावता येत नाही, दोन्ही आजार एकमेकांसारखे दिसतात.

तिची आई लताबाई सोबत मुलीचा शाळेचा स्कर्टच घेऊन आली होती. सहावीत शिवलेला, वाढत्या अंगाचा म्हणून खाली तीन बोटं दुमड घातलेली. "बाई, सहावीपासून ह्योच हाय," ती म्हणाली. "दुमड सोडायची येळच आली न्हाय." वर्गाच्या रांगेत सुवर्णा तीन वर्षं पहिली उभी राहत होती. तिनं स्कर्ट आईच्या हातातून काढून घेतला आणि पिशवीत कोंबला.

डॉक्टर सामंतांनी उपाय सांगितला. आठ आठवडे पोळी, भात, भाजी, फळ काही नाही. फक्त पावडर पाण्यात कालवून केलेलं पेय, दिवसाला आठ ग्लास. त्यात अंगाला लागणारं सगळं असतं आणि आतड्याला विसावा मिळतो. हे लागू पडलं तर उत्तम. नाही पडलं तर स्टेरॉइडच्या गोळ्या. त्या पोट शांत करतात, पण वाढत्या वयात उंचीच्या आड येतात. हे शेवटचं वाक्य सुवर्णानं बरोबर ऐकलं.

तिचे वडील बबनराव वाशीच्या घाऊक मार्केटात माथाडी कामगार, मूळचे पाटण तालुक्यातले, राहायला कोपरखैरण्याला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी उपासच की." लताबाईच्या चेहऱ्यावर एकदम धीर आला. उपास तिच्या माहितीतला होता. तिनं विचारलं, साबुदाण्याची खिचडी चालेल का. मी नाही म्हटलं. वरईचे तांदूळ? नाही. रताळं? शेंगदाण्याचा लाडू? केळ्याचे वेफर्स? मी एकेक काटत गेले. शेवटी ती बिचारी हताश होऊन म्हणाली, "मग ह्यो कंच्या देवाचा उपास हाय?"

डॉक्टर सामंत केसपेपरमधून मान वर न काढता म्हणाले, "माझा."

*

पहिला आठवडा सुवर्णाला वॉर्डात ठेवलं होतं. पेय कालवायचं काम हिराबाईंकडे. पहिल्या दिवशी त्यांनी एक घोट चाखला आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू ते मीच शिजवलंय. व्हॅनिलाचा वास, गोडसर, सपक, आणि मागाहून जिभेवर लोखंडाची चव. तीस वर्षं माणसांना जेवू घातलेल्या बाईला हा अपमानच होता.

दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात गेले तर सुवर्णाच्या पलंगावर स्टीलचं ताट. ताटाच्या मधोमध पेयाचा ग्लास, शेजारी पाण्याचा तांब्या, आणि ताटात वर डाव्या कोपऱ्याला चिमूटभर मीठ. हिराबाई समोर उभ्या. ताटाशिवाय पोरीनं भिंतीकडे तोंड करून ग्लास रिकामा करायचा, हे त्यांना बघवत नव्हतं. मी म्हटलं, असू दे. ताट पोटात थोडंच जातंय. आणि खरं सांगते, ताटामुळे सुवर्णा मांडी घालून नीट बसायला लागली.

तेवढ्यात डॉक्टर सामंत राउंडला आले. ताट बघून थांबले. पट्टीवर हात गेला, पण मोजण्यासारखं काही नव्हतं. "हे मीठ कशासाठी?" त्यांनी विचारलं. "तिला पेयाखेरीज काहीही द्यायचं नाही म्हणून सांगितलंय."

"ता खायाचा नाय सायेब," हिराबाई म्हणाल्या. "ता वाराचा हाय." म्हणजे नुसतं वाढायचं, ताटाची रीत म्हणून.

डॉक्टर पुढच्या पलंगाकडे गेले.

*

आमच्याकडे या उपचारातला एक सीनियरही होता. नीलेश, वय एकोणीस, पावण्याच्या एका वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस. सुवर्णाच्या वर्षभर आधी त्यानं हे आठ आठवडे पार पाडले होते. नव्या पेशंटला मी लेक्चर देण्यापेक्षा नीलेशनं पाच मिनिटं बोललेलं जास्त लागू पडतं, हे मला फार उशिरा कळलं.

त्याची पद्धत अशी. वर्कशॉपमध्ये जेवायच्या सुट्टीत सगळे आपापले डबे उघडून गोल बसत. हा ग्लास घेऊन बसला की सगळ्यांचे घास अडकायचे. कुणी विचारायचं, कुणी सल्ला द्यायचं, कुणी जबरदस्तीनं चपाती पुढे करायचं. मग त्यानं आईचा चार पुडांचा डबा आणायला सुरुवात केली. चारही पुडांत तेच पेय. एक पूड चपातीचा, एक भाजीचा, एक आमटीचा, एक भाताचा. तो क्रमानं एकेक पूड प्यायचा आणि मध्येच थांबून म्हणायचा, "आज भाजी जमलीय."

चौथ्या दिवशी शेजारच्या फिटरनं त्याला विचारलं, "थोडी आमटी दे ना." यानं दिली. फिटरनं घोट घेतला, गंभीरपणे विचार केला आणि सांगितलं, "भाजीच बरी होती."

नीलेशनं सुवर्णाला चार पुडांचा डबा घ्यायला लावला. ती घरी जाऊन शाळेत जायला लागली तेव्हा मधल्या सुट्टीत तीही गोल करून बसायची. मला तिची हीच मोठी काळजी होती, बाकीच्या मुली खात असताना ही काय करेल. तर ती आमटीनंतर भात प्यायची.

*

घरी मात्र वेगळाच प्रकार झाला. पोरीसमोर जेवायचं कसं, म्हणून लताबाईनं घरातली चूल बंद केली. कुणी सांगितलं नव्हतं, तिचं तिनंच ठरवलं. ही बातमी चाळीत पसरली आणि शेजाऱ्यांनी मोरे नवराबायकोला वाटून घेतलं. सोमवारी साताऱ्याचे शिंदे, मंगळवारी महाडचे कांबळे, बुधवारी खालच्या कोळीणबाई. बाहेरचं माणूस जेवायला येणार म्हटल्यावर कोण साधं वरण-भात करणार? कुठे वडे, कुठे कोलंबी, कुठे बेसनाचे लाडू.

बबनराव मला भेटले ते अवघडून. पोरीच्या आजारपणात शर्टाची बटणं लागत नाहीत हे सांगायची त्यांना लाज वाटत होती.

त्याच भेटीत त्यांनी एक गोष्ट सुचवली. सुवर्णाचं वजन दर आठवड्याला बघायचं होतं. त्यासाठी हॉस्पिटलात यायचं म्हणजे मुलीची शाळा बुडायची आणि त्यांच्या टोळीत एक माणूस कमी पडायचा. त्यापेक्षा मार्केटात पोती वजन करायचा मोठा काटा आहे, शिक्का मारलेला, त्यावर शनिवारी पोरीला उभी करतो आणि चिठ्ठी पाठवतो. मला ते पटलं. डॉक्टरांना पटलं नव्हतं, पण मी गळ घातली म्हणून हो म्हणाले. हे लक्षात ठेवा, गळ मी घातली होती.

*

दर सोमवारी चिठ्ठी यायची. पहिली चिठ्ठी, साडेसव्वीस. म्हणजे सत्तावीसवरून अर्धा किलो कमी झालं. मी म्हटलं, सुरुवातीला होतं असं. दुसरी चिठ्ठी, साडेसव्वीस. मी काळजीत. तिसरी चिठ्ठी, साडेसव्वीस. डॉक्टर सामंतांनी तिन्ही चिठ्ठ्या टेबलावर ओळीनं लावल्या. दिवसाला आठ ग्लास खरोखर पोटात गेले तर असं होणार नाही, ते म्हणाले. एक तर पेय लागू पडत नाही, नाहीतर मुलगी ते पीत नाही. शुक्रवारी तिला इथे आणा, मी स्वतः वजन करतो. तरीही सत्तावीसच्या वर नसेल तर पेय बंद आणि गोळ्या सुरू.

मी शुक्रवारपर्यंत थांबायला हवं होतं. थांबले नाही. त्याच संध्याकाळी कोपरखैरण्याला त्यांच्या घरी गेले आणि सुवर्णाला समोर बसवून झाडलं. ग्लास मोरीत ओततेस का? मैत्रिणींचे डबे खातेस का? तुझी आई चूल बंद करून बसलीय आणि तुला त्याचं काहीच नाही का? जे जे बोलू नये ते सगळं बोलले.

ती रडली नाही. शांतपणे म्हणाली, "बाई, मी एक घोटपण सांडला नाही." मी म्हटलं, मग वजन खोटं बोलतंय का? निघताना मी मागे पाहिलं तर ती चार पुडांचा डबा पुसून ठेवत होती.

शुक्रवारी सगळे हजर. सुवर्णानं माझ्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरांनी तिला काट्यावर उभं केलं. काटा एकोणतीसवर गेला.

डॉक्टरांनी तिला उतरवलं, पुन्हा चढवलं. एकोणतीस. मग ते स्वतः काट्यावर उभे राहिले आणि आपलं वजन बघून त्यांना ते खोटं आहे असं वाटलं नाही. मग मला उभं केलं. मलाही नाइलाजानं मान्य करावं लागलं. काटा बरोबर होता.

बबनराव कोपऱ्यात उभे होते. त्यांनी हळूच विचारलं, "सायेब, बारदान वजा केलं का?"

कसलं बारदान, डॉक्टरांनी विचारलं. मग हळूहळू उलगडा झाला. मार्केटात माल पोत्यासकट वजन होतो आणि मग रिकाम्या पोत्याचं वजन, म्हणजे बारदान, वजा करतात. उरतो तो निव्वळ माल. आयुष्यभर बबनरावांनी दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं वजन पाहिलंच नव्हतं. पोरगी कपडे, चपला घालून काट्यावर उभी राहिली तर बारदान वजा करायला नको? टोळीच्या मुकादमानं हिशेब ठरवून दिला होता. पोतं कोरडं असलं तर एक किलो, दमट असलं तर दीड, भिजलं असलं तर दोन. पहिल्या शनिवारी उघडीप होती. दुसऱ्या शनिवारी भुरभुर. तिसऱ्या शनिवारी पोरगी चिंब भिजून आली होती. ती दर आठवड्याला अर्धा किलो वाढत होती, पाऊसही त्याच मापानं वाढत होता, आणि चिठ्ठी जागची हलत नव्हती.

"डॉक्टरला काय फुगवून सांगायचं व्हय?" बबनराव म्हणाले. "आपला माल आपन चोख सांगावा."

डॉक्टर सामंतांनी लाल पेन काढलं आणि सुवर्णाच्या फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बाहेरचं माप चालणार नाही.' खाली दोन रेघा. पेय चालू राहिलं.

*

माझं काम अजून बाकी होतं. मी सुवर्णाला बाजूला नेलं आणि सांगितलं की माझं चुकलं. मला खरंच फार वाईट वाटत होतं. एवढ्याशा पोरीनं जवळजवळ चार आठवडे ते पेय इमानानं प्यायलं होतं आणि मी तिला चोर ठरवलं होतं.

तिनं थोडा विचार केला. मग म्हणाली, "मग तुम्ही एक दिवस प्या. दुसरं काही नाही खायचं."

मी हसून हो म्हटलं. सोमवारी सकाळी आठ वाजता पहिला ग्लास. हिराबाईंनी माझ्यासाठीही ताट मांडलं, मिठासकट. दहा वाजता दुसरा. बारा वाजता तिसरा, नाक दाबून. दोन वाजता एका पेशंटला भाकरीचे फायदे समजावताना माझा आवाज कापरा झाला. चार वाजता मी हॉस्पिटलच्या मागच्या गेटबाहेर, वडापावच्या गाडीशी, झाडाकडे तोंड करून उभी होते. दोन घास झाले असतील, तोच मागून कुणीतरी हाक मारली. नीलेश. तपासणीला आला होता.

त्यानं वडापावकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बाई," तो म्हणाला, "भाजी जमलीय का?"

सुवर्णाला ही बातमी कोपरखैरण्याला त्याच संध्याकाळी पोचली. ती माझ्याशी पुन्हा बोलायला लागली ती तेव्हापासून.

*

आठ आठवडे पुरे झाले. सुवर्णाचं पोट दुखायचं थांबलं होतं, वजन एकतीसच्या पुढे होतं. डॉक्टरांनी सांगितलं की आजार पूर्ण गेलेला नाही, औषध चालू राहील, रोज दोन ग्लास पेयही राहील, पण आता हळूहळू जेवायला हरकत नाही. पहिला घास हॉस्पिटलात, आमच्यासमोर.

पहिल्या घासाला काय, यावर चाळीत मतदान झालं होतं म्हणे. शिंद्यांकडून पुरणपोळीचा निरोप आला, कोळीणबाईंनी तळलेल्या बोंबलाचा आग्रह धरला. मी सगळ्यांना कटवून मऊ भात ठरवला. हिराबाईंनी तो घोटून घोटून केला. नेहमीचं ताट मांडलं. ज्या जागी आठ आठवडे ग्लास असायचा तिथे भाताची मूद, आणि वर डाव्या कोपऱ्याला मीठ.

सुवर्णानं एक घास घेतला. सावकाश चावला, गिळला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. लताबाईनं पदर तोंडात धरला होता. मग सुवर्णानं हात पुढे केला, त्या कोपऱ्यातलं मीठ चिमटीत घेतलं आणि भातावर भुरभुरवलं.

"कमी हाय ना ग?" हिराबाईंनी विचारलं. सुवर्णानं मान डोलावली. हिराबाई वळल्या आणि किचनमध्ये गेल्या, आणि बराच वेळ तिथे भांडी वाजत राहिली.

*

पुढच्या वर्षी शाळा सुरू झाल्यावर मोरे कुटुंब तपासणीला आलं. सुवर्णा नववीत. ओपीडीत गर्दी होती, मी काहीतरी कागद द्यायला डॉक्टरांच्या खोलीत गेले होते. डॉक्टरांनी तिला भिंतीवरच्या उंचीच्या पट्टीशी उभं केलं, जुना केसपेपर काढला, आकडे ताडून पाहिले. पाच सेंटिमीटर वाढ. ते खूश झाले की नाही हे त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच कळत नसे.

बबनराव बाकावरून उठून पुढे आले. "सायेब," ते म्हणाले, "भितीचं ऱ्हाऊ द्या. हितं बगा."

त्यांनी बोट दाखवलं ते स्कर्टच्या घेराकडे. तोच सहावीतला निळा स्कर्ट. धुऊन धुऊन पार विटलेला, आकाशी झालेला. आणि खाली, जिथली दुमड लताबाईनं आदल्या रात्री उसवली होती तिथे, सगळ्या घेराला तीन बोटं रुंद पट्टा, दुकानातून आत्ताच आणल्यासारखा गर्द निळा. शाळेत मुली हसतील असं वाटून मी सुवर्णाकडे पाहिलं. ती हात मागे बांधून ताठ उभी होती, आणि सगळ्यांना नीट दिसावा म्हणून एक गिरकी तिनं आपण होऊन घेतली.

फाइलवर लाल अक्षरं होती, खाली दोन रेघा. डॉक्टर सामंतांनी ती वाचली. मग फाइल बाजूला ठेवली, खिशातली स्टीलची पट्टी काढली आणि भर ओपीडीत गुडघा टेकून तो गर्द पट्टा मोजला. एका बाजूनं मोजला, दुसऱ्या बाजूनं मोजला.

"पाच," ते म्हणाले. मग तसंच खाली बसून त्यांनी चष्म्यावरून बबनरावांकडे पाहिलं. "बारदान धरून?"

"न्हाय सायेब," बबनराव म्हणाले. "निव्वळ."